सारूबाईच्या केकचा भाव

सारूबाई,

तुला माती देऊन आज अकरा दिवस झाले. तुमच्यात दहावं-तेरावं काही नसतं, हे तुझ्या यजमानांनी, दानूभाऊंनी, मला सांगितलं. तरी मी दिवस मोजते आहे. दुसरं काय करावं ते सुचत नाही. शाळा सुटली की पाय आपोआप रुळांकडच्या तुझ्या गल्लीत वळतात. कोपऱ्यापर्यंत जाते, मग आठवतं, आणि तिथूनच परत फिरते. परवा तुझ्या शेजारणीनं मला तसं फिरताना पाहिलं.

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तरी ओळख झाल्या दिवसापासून मी तुला 'तू' म्हणत आले, आणि तू मला 'तुमी'. हे कुणी ठरवलं होतं? तू ठरवलं नाहीस, मीही नाही. पण मी ते कधी बदललंही नाही. आता 'तुम्ही' लिहून पाहिलं, तर दुसऱ्याच कुणा बाईला लिहितेय असं वाटलं. म्हणून 'तू'च राहू दिलं. मला तेवढंच येतं.

तू पहिल्यांदा शाळेच्या दारात आलीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मुली घरी गेल्या होत्या, मी वह्या तपासत होते. तू उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणालीस, "बाई, मला वाचता येतंय. पन आकडं आलं की डोकं चालत न्हाय. एक चिठ्ठी लिवून देता का?" रेल्वेच्या बंगल्यातल्या मडमला महिन्याचा हिशेब लिहून हवा होता. कसला हिशेब म्हणून मी विचारलं, तर तू म्हणालीस, "केकाचा." मला हसू आलं. केक हा शब्द मी तोवर फक्त वाचला होता. सोलापुरात कुणी बाई घरी केक करते आणि विकते, हे मला खरं वाटेना.

मग तूच एका गुरुवारी घर दाखवलंस. एक खोली, पुढं ओटा, ओट्यावर शेगडी. मोठ्या पातेल्यात तळाला वाळू, वाळूवर रॉकेलच्या डब्यातून कापून घेतलेला गोल डबा, वर झाकण, झाकणावर निखारे. ही तुझी भट्टी. लहानपणी मिशनच्या बंगल्यात भांडी घासता घासता बघून शिकलीस, आणि लग्नानंतर वीस वर्षं विसरून गेलीस. मग होटगीच्या शेडमध्ये इंजिनाची वाफ दानूभाऊंच्या डोळ्यांवर आली, त्यांची फायरमनची नोकरी सुटली, तेव्हा तुला तो केक आठवला. हे सगळं तू मला निखारे सारता सारता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस. दानूभाऊ बाजूला बसून अंडी फेटत होते. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण फेटणं त्यांचंच. आवाजावरून त्यांना समजे. "झालं," म्हणाले की झालेलं असे. तू कधी वाकून पाहिलं नाहीस.

त्या दिवशी मी तुला तुझ्याच केकची किंमत करून दाखवली. मला वाटलं, मोठे उपकार करते आहे. पाटीवर लिहिलं: लोणी पाच आणे, चार अंडी दोन आणे, साखर दीड आणा, मैदा एक, मनुका एक, कोळसा अर्धा. झाले अकरा आणे. "आणि तू विकतेस कितीला?" तू म्हणालीस, "बाराला." दुपारी दोनला बसायचं ते गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत, दोघा माणसांनी, आणि हातात एक आणा. मी म्हणाले, "गिरणीत रीळ भरणाऱ्या बाईलासुद्धा दिवसाला सहा आणे मिळतात. तुझी मजुरी कुठं आहे यात?"

तू आकड्यांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "घरातलं काम हाय की बाई. घरात बसून केलेल्याची मजुरी कशी लावायची? मडम बी त्येच म्हनती. दुकानातला असता तर गोष्ट येगळी, ह्यो घरचा हाय."

मी म्हणाले, "घरचा म्हणून जास्त द्यायला हवेत."

तू हसलीस. दानूभाऊही हसले. दुपारी तुझ्या ओट्यावर बसून मी किती हसले असेन ते मोजता येणार नाही. माझ्या घरी हसण्यासारखं फारसं नव्हतं. मी आणि आई, दोनच. अक्कलकोटकडून इथं नोकरीसाठी आलो तेव्हापासून आई बहुतेक कन्नडमध्येच आणि बहुतेक देवाशीच बोलते. नवव्या वर्षी विधवा झाले, ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. शाळेत 'बाई', घरात आईचा आधार, आणि आमच्या लोकांत एक अपशकुन. गुरुवारी शाळा लवकर सुटे, मी तुझ्याकडे येई; ती दुपार तेवढी निराळी असे. तू मला कसलीच मानत नव्हतीस. आकडेमोड करणारी बाई, एवढंच.

मी ओट्यावर बसे. आत कधी आले नाही. तू कधी आत बोलावलं नाहीस. बोलावलंस तर मला काहीतरी कारण सांगावं लागेल, हे तुला आधीच कळलेलं होतं. पाणीही तू मला कधी विचारलं नाहीस. केकचा पहिला तुकडा दानूभाऊंना, दुसरा शेजारच्या पोरांना, आणि मला कधीच नाही. मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "आमच्यात अंडं चालत नाही." ते खरंच होतं. लिंगायताच्या घरात अंडं कसं चालेल? त्या खऱ्या गोष्टीच्या आड मी वर्षभर निवांत बसले.

मग तो श्रावणातला दिवस. मी आले तर तू दारातच उभी. हातात कोऱ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. एवढं लाजलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, अंड्याबिगर केलाय. दही घातलंय, सोडा घातलाय, वेलदोडा घातलाय. डबा बी नवा केला. जुन्याला अंड्याचा हात लागलेला व्हता, म्हनून. आता तुमास्नी कायबी अडचन न्हाय की."

सारूबाई, लहानपणी कपाळ पुसलं गेलं त्यानंतर कुणी माझ्यासाठी म्हणून काही गोड केलं असं आठवत नाही. आई करते ते देवासाठी करते, मग दोघी खातो. तू माझ्यासाठी केलंस. नवा डबा करून घेतलास. किती वेळा बिघडला असेल आधी, मला माहीत नाही. तू बोलली नाहीस.

मी तो घेतला. छातीशी धरला. गरम होता. "घरी नेऊन आईबरोबर खाते," म्हणाले. वाटेत चिंचेच्या झाडाखाली थांबले. रस्त्यावर कुणी नव्हतं. फडकं सोडलं, एक तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला. वेलदोड्याचा वास आला. आणि हात तिथंच थांबला. अंडं नव्हतं त्यात. दही होतं, मैदा होता, साखर होती. माझ्या घरात हे सगळं असतं. जे माझ्या घरात नव्हतं ते फक्त तुझे हात होते. आज हे लिहिताना मला जागेवरून उठून जावंसं वाटतंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

घरी आईनं फडक्याकडे पाहिलं, कुणाकडचं ते विचारलं आणि "बेड" म्हणाली. म्हणजे नको. पुढं बरेच दिवस मी मनाला सांगत आले की आईमुळे राहिलं. खोटं आहे ते. आईच्या आधी चिंचेचं झाड होतं.

दुसऱ्या दिवशी तो केक मी शाळेतल्या शिपाईणबाईला दिला, तुझ्या गल्लीपलीकडं राहणाऱ्या चंपीला. तिनं तिथंच बसून अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "लई ब्येस हाय बाई, उलीसा आंबूस लागतोय." आणि गुरुवारी तू विचारलंस, "कसा झाला?" तेव्हा मी म्हणाले, "छान झाला. किंचित आंबूस लागतो, एवढंच."

तुझा चेहरा केवढा फुलला. "दही कमी करते," म्हणालीस. मग माझ्यापुढं पाटी सरकवून म्हणालीस, "ह्येचा भाव तुमीच सांगा. तुमी खाल्लाय. तुमचं खरं."

मी हिशेब केला. साहित्य कमी लागतं, नऊ आण्यांत होतं. "बारा आणे म्हण," मी म्हणाले. न चाखलेल्या केकचा भाव मी सांगितला आणि तू तो पाटीवरून पुसू दिला नाहीस. पुढच्या गुरुवारीही पाटी तशीच भिंतीला टेकून होती.

तुला वाटलं होतं, बिनअंड्याचा केक आता वकिलांच्या घरी, सावकारांच्या घरी जाईल. त्यांच्या पोरांचे वाढदिवस होतात, त्यांनाही हौस असते. तू दोन-तीन घरी जाऊन आलीस. कुणी दारातून परत पाठवलं, कुणी गोड बोलून पाठवलं. मला तू एवढंच सांगितलंस, "त्यांस्नी नगं हाय." शेवटी स्टेशनसमोरच्या दुकानदारानं घ्यायचं कबूल केलं, दहा आण्यांना. वर म्हणाला, कुणी केला विचारलं तर पुण्याचा म्हणून सांगीन. एक दिवस मी त्या दुकानावरून जात होते. काचेच्या कपाटात तुझा केक होता. कडेला तुझ्या डब्याचा पोचा उठायचा, तो पोचासुद्धा दिसत होता. भाव विचारला. एक रुपया दोन आणे. माझ्यादेखत एका वकिलीणबाईनं तो घेतला.

मी तणतणत तुझ्याकडे आले. तू ऐकून घेतलंस आणि इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. "बघा की बाई, माझा केक पुन्याला न जाताच पुन्यासनं आला." दानूभाऊ म्हणाले, "तिकिटाचं पैसं वाचलं." तुम्ही दोघं हसत होता आणि मी चिडूनच बसले होते. मला तो राग फार खरा वाटत होता. तुझ्या हाताला लोक किंमत देत नाहीत, याचा राग. तो राग स्वतःकडे वळवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तिथून मी तुझ्यामागं लागले. भाव वाढव. मडमला रुपया सांग. पुण्याहून मागवला तर तिला रुपया दोन आणे पडतील, वर रेल्वेत मोडून येईल. ती देईल. न देऊन करते काय? मी दर गुरुवारी हेच बोलत होते. तू म्हणायचीस, "न्हाय दिला तर?" मी म्हणायचे, "देईल." माझ्या पाटीवर सगळं बरोबर येत होतं.

नाताळ आला. मडमनं सहा केक सांगितले होते. तू साहित्य आणून ठेवलंस. मडमचा बटलर निरोप घेऊन आला तेव्हा तू त्याला पहिल्यांदाच रुपया सांगितलास. तुझा आवाज कसा झाला असेल, मी ऐकायला नव्हते. दुसऱ्या दिवशी बटलर आला आणि म्हणाला, मडमसाहेब पुण्याहून मागवणार आहेत.

लोणी ठेवून काय करणार होतीस? तू सहाही केक केलेस. दुकानदारानं तुझी अडचण ओळखली आणि आठ आण्यांना एक असे घेतले. एका केकमागं तीन आणे, सहा केकचे अठरा आणे पदरचे गेले. नाताळात दानूभाऊंना नवा सदरा घ्यायचा होता, तो राहिला. तुझ्या घरी त्या नाताळात केक झाला नाही. हे मला पुढं चंपीकडून कळलं. तू मला शब्दानंही दोष दिला नाहीस. तू दोष द्यायला हवा होतास. दिला असतास तर मला काही बोलता आलं असतं.

जानेवारीत मी आले तर शेगडी पेटलेली. मडमचा केक होता. तू स्वतः बंगल्यावर गेली होतीस, मागच्या दाराशी उभी राहून बारा आणेच घेईन म्हणून सांगून आली होतीस. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "मग रहा जन्मभर एका आण्यावर. तुलाच तुझ्या हाताची किंमत नाही, तर लोकांना काय असणार?"

तू मैद्याचे हात पदराला पुसलेस. आवाज चढवला नाहीस. "बाई, तुमचा पगार एक तारकेला येतोय. मी केक केला काय, न केला काय, तुमचा पगार येतोय. भाव सांगायला तुमचं काय जातंय?"

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगत होते."

"व्हय. म्हाईत हाय की." मग म्हणालीस, "माझ्या हाताची किंमत म्हनता. दह्याच्या केकाचा भाव तुमी सांगितला. चाखला व्हता का तुमी?"

मी पाटी उचलून पालथी ठेवली.

"चंपीनं कवाच सांगितलं मला. आंबूस लागतोय म्हनालात, ती चंपीची जीभ व्हती. मी काय बोलले न्हाय. म्हनलं, असंल बाईंची अडचन. पन किंमत न्हाय म्हनून मला नका सांगू."

दानूभाऊ फेटत होते, त्यांचा हात थांबला. तू त्यांना म्हणालीस, "फेटा तुमी, बसतंय ते." आणि पुन्हा शेगडीकडे वळलीस. मी ओट्यावरून उतरले आणि चालू लागले.

तीन महिने मी आले नाही. राग होता म्हणून नाही. पहिले आठ दिवस राग होता, मग लाज होती. येऊन काय म्हणायचं ते रोज ठरवत होते आणि रोज ते कमी पडत होतं. एकदा वाटलं, सरळ जावं आणि म्हणावं, सारूबाई, एक तुकडा दे. मग वाटलं, आता खाल्ला तर तो तुझ्यासाठी खाल्ला की माझी सुटका व्हावी म्हणून, हे तुला कळल्यावाचून राहणार नाही. तुला सगळं कळत होतं. म्हणून गेलेच नाही.

चैत्रात चंपीनं सांगितलं, सारूबाईला मुदतीचा ताप आहे, आठ दिवस झाले. त्या रविवारी मी आले. उन्हानं पत्रा तापला होता, ओट्यावरची शेगडी गार होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्या खोलीत पाय टाकला. इतक्या दिवसांत मला वाटलं होतं, आत काय असेल कोण जाणे. आत एक बाज, एक पेटी, फळीवर चार डबे आणि खुंटीला दानूभाऊंचा जुना सदरा. बाकी काही नव्हतं.

तू मला ओळखलंस. "बाई, बसा," म्हणालीस. ओठ सुकून गेले होते. मी पेटीवर बसले. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते, ताप उतरायची वाट पाहा म्हणाले होते. तू म्हणालीस, "शनवारी मडमच्या पोराचा वाढदिस हाय. केक सांगितलाय."

"ते राहू दे आता."

"सांगितलाय की," तू म्हणालीस. तुझ्या दृष्टीनं तेवढ्यात सगळं आलं.

मग तू पाणी मागितलंस. दानूभाऊ चाचपडत उठायला लागले, म्हणून मी उठले. तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं, तुझ्या मानेखाली हात घातला. तू प्यायलीस. एक क्षणही थांबली नाहीस, कुणाच्या हातचं ते पाहिलं नाहीस. प्यायलीस आणि डोळे मिटलेस. तुझी मान माझ्या तळहातावर भाजत होती. सांगायचं होतं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. शेजारीण दारात उभी होती, दानूभाऊ ऐकत होते. मी म्हणाले, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते, मुलींकडून रुपये-आणे-पैचे हिशेब घोकून घ्यायचे होते. मी आले नाही. मंगळवारी सकाळी चंपी शाळेत आली ती रडतच आली.

तुमच्या दफनभूमीच्या दाराबाहेर मी उभी होते. आत जावं की नाही ते मला कळलं नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. गाणं ऐकू येत होतं, मातीचा आवाज ऐकू येत होता. आईला मी शाळेत उशीर झाला म्हणून सांगितलं.

आता शनिवारचं सांगते. ते तुला सांगायलाच हवं, कारण तुला विचारायचं आहे.

शुक्रवारी मी दानूभाऊंकडे गेले. वाटलं होतं, माणूस बाजेवर पडून असेल. ते ओट्यावर बसून वाळू चाळत होते. म्हणाले, "बाई, आलात ते बरं झालं. रंग बघायला मानूस पायजे. मला भाजल्याचा वास येतोय, पन रंग दिसत न्हाय."

मी म्हणाले, "दानूभाऊ, मडमला निरोप पाठवू. कुणी काही म्हणणार नाही."

"सारूनं हो म्हनलं व्हतं," ते म्हणाले आणि अंडी पुढं केली. "तेवढी फोडून द्या. मी फोडली की टरफल पडतंय."

मी अंडी फोडली, सारूबाई. पहिलं हातातच चिरडलं. दुसरं बरं जमलं. आई काय म्हणेल हे त्या वेळी मनातही आलं नाही, आणि एवढं सोपं होतं याचाच मला राग आला. दानूभाऊ फेटत बसले. डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत. बराच वेळ गेला. "झालं," ते म्हणाले, पण या वेळी खात्री नव्हती. तू नव्हतीस तिथं. मग त्यांनी लोणी, साखर, मैदा बोटांनी चाचपून घातला, मी निखारे सारले, झाकण उचलून रंग सांगत राहिले. पिवळा. अजून पिवळा. आता कडेला तांबूस. केक एका बाजूला थोडा बसला. तुझा कधी बसत नसे.

शनिवारी दुपारी बटलर यायच्या आधी दानूभाऊंनी मला विचारलं, "बाई, किती सांगू?"

मला बारा म्हणता येईना. बाराच म्हणायला हवं होतं, तुझा शब्द बाराचा होता. आणि तुझ्या हातचाही नव्हता तो, बसलेला होता. पण तोंडातून गेलं, "रुपया सांगा." का सांगितलं? तुझ्यासाठी? की माझंच बरोबर होतं हे एकदा तरी खरं व्हावं म्हणून? मला अजून ठरवता येत नाही.

बटलर आला. डोक्यावरचं पागोटं काढून उभा राहिला, वाईट झालं म्हणाला. केक फडक्यासकट घेतला. "किती?" दानूभाऊ म्हणाले, "रुपया." मी बटलरच्या तोंडाकडे पाहत होते. त्यानं खिशातून रुपया काढला आणि दानूभाऊंच्या हातावर ठेवला. सलाम केला आणि गेला.

नाताळात जो रुपया तुला मिळाला नाही, तो बसलेल्या केकला मिळाला, कुणी न भांडता. मी खांबाशी बसले. दानूभाऊ बराच वेळ तो रुपया अंगठ्यानं चाचपत होते. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. ह्यो रुपया केकाचा हाय, का सारू गेली म्हनून दिलाय?"

मला सांगता आलं नाही. तुला आलं असतं. तू मडमला ओळखत होतीस, मला ओळखत होतीस, कोण कशापायी काय देतं ते तुला कळत होतं. तू एखादं वाक्य बोलून हसली असतीस आणि आम्हीही हसलो असतो. मी नुसती त्यांच्या हाताकडे बघत बसले. मग त्यांनी रुपया सदऱ्याच्या खिशात टाकला, खाली बसले आणि शेगडीतली राख हातानं चाचपून चाचपून काढू लागले.